गव्हाणीतल्या बैलाला चाकं

बल्लारपुरात लाकडाचा विषय काढा, पाच मिनिटांत 1855 हा आकडा समोर येतोच. 1855 घनफूट. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी इथून गेलेलं सागवान. 29 मार्च 2023 रोजी त्याची शोभायात्रा निघाली, काष्ठपूजन झालं, गावाने फोटो काढले. चहाच्या टपरीवर हा आकडा ऐकू येतो, फर्निचरच्या दुकानात ऐकू येतो आणि आरामशीनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले सुतारकाकाही तोच सांगतात. फरक एवढाच, की सांगताना त्यांच्या हातात असतो तो वीतभर लांबीचा तुकडा. दरवाजाच्या कामाचा नाही, चौकटीच्याही नाही.

डिसेंबरात त्या तुकड्याचा बैल होताना पाहून कुणीही थबकेल. विदर्भात लाकडी बैलाचा हंगाम पोळ्याचा. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पाडव्याला मुलांचा तान्हा पोळा. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत मिरवायचा, घरोघर न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन परत यायचं, हे इथल्या प्रत्येक मुलाने केलेलं असतं. परंपरेचं श्रेय नागपूरच्या भोसल्यांना दिलं जातं. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचे नंदी तर इतके मोठे, की त्यांना ओढायला मोठी माणसं लागतात. पण पोळा सरला की नंदी माळ्यावर आणि सुतार पुन्हा पलंग-दरवाजांकडे. नाताळाच्या तोंडावर नंदी कोण घेतं?

‘‘चर्चवाल्या बाईनं सांगितला जी,’’ काका म्हणाले. ‘‘गव्हाणीत ठेवाचा आहे म्हने.’’

बल्लारपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला पेपर मिल आठवते, फार तर जंक्शन. गाडीवर बल्हारशाह, लोकांच्या तोंडी बल्लारशा. रेल्वे, कागद आणि कोळसा यांच्यामागे दूरदूरची माणसं इथे आली. त्यांत केरळचे धर्मगुरूही आले. केरळातल्या सिरो-मलबार चर्चने आपल्या मुलखाबाहेर मिशनकार्याला सुरुवात केली ती 1962 मध्ये, चांद्यापासून, म्हणजे आजच्या चंद्रपुरापासून. 1977 मध्ये चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचं कॅथेड्रल, संत थॉमसच्या नावाचं, चंद्रपुरात नाही, बल्लारपुरात आहे. त्यामुळे सागवानाच्या या गावात नाताळ म्हणजे फक्त दुकानातली लाल टोपी नव्हे. ख्रिस्ती घरांत गव्हाणी मांडली जाते. गवत, माती, कागदाचे डोंगर, मध्ये बाळ येशू, मरिया, योसेफ. आणि एक बैल, एक गाढव.

शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत हा बैल नाही, गाढवही नाही. गव्हाण आहे, जनावरं मात्र पुढच्यांनी आणून बसवली. इटलीतल्या ग्रेच्चो गावी 1223 मध्ये संत फ्रान्सिसने नाताळाला खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं, तेव्हापासून ती प्रथा जगभर गेली. योसेफ स्वतः सुतार. काकांना हे कुणीतरी सांगितलेलं होतं. त्यांना त्याचं विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. ‘‘असन,’’ एवढंच म्हणाले आणि तुकडा उलटा करून पाहू लागले.

ते पाहणं मात्र पाहण्यासारखं होतं. लाकडाची रेषा उभी हवी. बैलाचे पाय रेषेच्या दिशेने निघाले तर टिकतात, आडव्या रेषेत काढले तर मुलाच्या पहिल्याच आपटण्याला मोडतात. म्हणून तुकडा आखण्याआधी काका तो डोळ्यासमोर धरतात, पाण्याचं बोट फिरवतात, पुन्हा पाहतात. शिंगं याच नियमामुळे वेगळी करून भोकात बसवावी लागतात, त्यांची रेषा निराळी. मग आखणं, करवतीने पोटाखालचा भाग काढणं, पटाशीने मान मोकळी करणं हे भराभर होतं. हात रेंगाळतो तो वशिंडावर. वशिंड नीट उतरलं नाही तर बैलाचं म्हसरू होतं, असं काकांचं मत. आधी पटाशी, मग कानस, मग पॉलिशपेपर, मग नुसता अंगठा. अंगठ्याला खरखर लागली की पुन्हा कानस.

या सगळ्यावर वास असतो सागवानाच्या भुशाचा. तेलकट, किंचित कडवट, नव्या चामड्याच्या जवळ जाणारा. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून ते पाण्यापावसात टिकतं. त्यात सिलिकाही असते, म्हणून हत्याराची धार लवकर जाते. शेडमध्ये पाच-दहा मिनिटं बसलं की हा वास कपड्यांत शिरतो आणि घरी गेल्यावरही निघत नाही. प्लास्टिकच्या खेळण्याचं खोकं उघडल्यावर जो भपकारा येतो त्याच्याशी तुलना करणं अन्यायाचं होईल. पण ती मनात येतेच.

बल्लारपूरच्या आगारात येणारं चांगलं सागवान गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलाचं. प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याची छाप, मोजमाप, नंबर. लिलाव होतो, वाहतुकीचा परवाना निघतो, प्रत्येक घनफुटाचा हिशेब ठेवला जातो. एक घनफूट म्हणजे 1728 घनइंच. पाट आणि चाकं धरून वीतभर नंदीला दीडशे घनइंच लागतात असं मानलं, तर 1855 घनफुटांत एकवीस हजारांवर नंदी निघाले असते. हे कागदावरचं गणित ऐकून काका खळखळून हसले. घनफुटाच्या लाकडातून नंदी कोण करतो? नंदी होतो तो मशीनवर उरलेल्या तुकड्यांतून, ज्यांच्या कडेला पांढरट लाकूड असतं. पिवळसर तपकिरी गाभा टिकाऊ, ती पांढरी कड किडीला प्रिय, म्हणून फर्निचरवाला ती फेकतो. 1855 चा हिशेब सरकारजवळ आहे. या तुकड्यांचा कुणाजवळच नाही आणि गावातल्या मुलांच्या वाट्याला जे सागवान येतं ते हेच.

लाकडाची खेळणी करणारी आणि ती नाताळाला विकणारी गावं जर्मनीतही आहेत. एर्झगेबिर्ग डोंगरातलं सायफन हे त्यांतलं नावाजलेलं. तिथल्या खाणी आटत गेल्या तसे खाणकामगार लेथवर बसले. ओल्या स्प्रूसच्या लाकडाचं कडं लेथवर अशा युक्तीने कातायचं, की ते केकसारखं कापत गेलं की प्रत्येक फाकेचा आकार बैलाचा किंवा घोड्याचा असावा. मग हाताने कान, शेपूट, रंग. हे काम आज जर्मन नाताळाची ओळख आहे. पेपर मिल आणि कोळशाच्या खाणींच्या या गावात तशी काही गोष्ट घडावी असं म्हणायचा मोह होतो. पण सायफनला बाजार होता. बल्लारपूरच्या सुताराला ऑगस्ट-सप्टेंबरचे काही दिवस आहेत आणि मग एखादी चर्चवाली बाई.

सरकारने खेळण्यांकडे लक्ष दिलं नाही असं नाही. 2020 मध्ये आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70 टक्के. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळाली, ते योग्यच झालं. आता प्रश्न असा, की ज्याची नोंद सुतार म्हणूनही कुठे नाही त्याने केलेला नंदी हे खेळणं, की पूजेची वस्तू? तान्ह्या पोळ्याला त्याला कुंकू लागतं आणि तासाभराने तोच अंगणात कुत्र्यामागे धावतो.

हाताने केलं म्हणजे आपोआप चांगलं, असंही नाही. लहान मूल खेळणं तोंडात घालतं आणि बाजारातला स्वस्त ऑइलपेंट तोंडात घालण्यासाठी केलेला नसतो. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. पण सुट्या डब्यातल्या रंगावर नियम वाचायला मिळत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं हातात घेऊन खरी की खोटी असं वाटावं इतकी सुबक, पण त्या रंगकामामागे पिढ्यांची तालीम आहे. या शेडमध्ये एक ब्रश आणि टर्पेंटाइनचा डबा. गव्हाणीतला बैल म्हणून यंदा रंगाला फाटा दिला गेला, बाईंनी नुसतं जवसाचं तेल लावायला सांगितलं. काकांना ते उघडंबोडकं वाटत होतं. पाहणाऱ्याला मात्र तेलाने वर आलेली ती पिवळी-तपकिरी रेषा कुठल्याही लाल-निळ्या झुलीपेक्षा बरी वाटली.

काकांच्या मते नंदीची किंमत पहिल्या वर्षी कळत नाही. शेडच्या कोपऱ्यात दुरुस्तीला आलेले दोन होते, एकाचं शिंग गेलेलं, दुसऱ्याचा आस झिजलेला. त्यांतला एक त्यांनी स्वतः केलेला. वशिंडावरून ओळखला, रंग तर चार वेळा बदलला होता. ज्या मुलासाठी केला त्याचं आता लग्न झालेलं. ‘‘शिंग तुटलं की मानसं आनतात,’’ काका म्हणाले. ‘‘रिमोटची गाडी बिघडली म्हून कोनी माज्याकडं आलं नाही आजवर.’’

वाद एकच झाला, चाकांवरून. गव्हाणीत बैल बसतो किंवा उभा राहतो, त्याला पाट-चाकं कशाला, असं काकांचं म्हणणं. चाकं म्हणजे चार गोल तुकडे, दोन आस, भोकं पाडणं, वेगळी मेहनत. बाई ऐकेनात. 6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की गव्हाणी आवरायची आणि बैल नातवाच्या हातात द्यायचा, हे त्यांचं ठरलेलं. शेजारची सगळी मुलं तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन निघतात, तेव्हा आमच्याच पोराने दारात उभं राहून बघायचं का? तेव्हा चाकं हवीत, आणि गवताखाली झाकली की गव्हाणीत दिसणारही नाहीत.

काकांनी मान डोलावली, पण चाकांचे पैसे वेगळे सांगितले. गाढवालाही नकार दिला नाही. आजवर एकही केलेलं नाही, तेव्हा फोनवर फोटो पाठवा आणि कान किती मोठे ते नीट दिसू द्या, एवढीच अट.