सौदा फिसकटला, गुन्हा झाला का?

अमली पदार्थांच्या बातम्यांतला पोलिसांचा 'बनावट ग्राहक' आपल्या ओळखीचा आहे. खबऱ्याची टीप येते, सापळा लागतो, पंचांसमोर झडती होते, मुद्देमाल जप्त होतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या पोलिसांनी १९८० मध्ये हा डाव उलटा मांडला आणि स्वतःच विक्रेते झाले. खबऱ्याच्या फोनवरून ओक्लाहोमा सिटीचा एक माणूस कोकेन घ्यायला विमानाने आला. हॉटेलच्या खोलीत साध्या वेशातल्या पोलिसाने चिकटपट्टीत गुंडाळलेलं पाकीट त्याच्या हाती दिलं. आतला माल दिसत नाही म्हणून त्याने ते परत केलं. पोलिसाने थोडी पट्टी सोडवली आणि तो अडून बसला: आधी पैसे दाखव. गिऱ्हाईकही हटेना: आधी माल दाखव. सौदा फिसकटला, माणूस बाहेर पडला आणि पकडला गेला. सामानात २२ हजार डॉलर निघाले.

कोकेन तर त्याच्या ताब्यात आलंच नव्हतं. म्हणून आरोप ठेवला गेला तो विक्रीसाठी कोकेन मिळवण्याच्या प्रयत्नाचा. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं, पण १९८२ मध्ये संघराज्याच्या आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फिरवलं. पैसे आणले, प्रवास केला, तरी निर्णायक पाऊल पडण्याआधीच त्याने पाठ फिरवली, असं न्यायालयाचं म्हणणं. निकाल मला पटतो, पण थोडी कुरकुर राहतेच. त्या माणसाला काही सद्बुद्धी सुचली नव्हती. आपण फसवले जाऊ, एवढीच त्याची धास्ती.

टेक्सासमधल्या १९७४ च्या निकालात मात्र हेरॉइन आणून देतो म्हणून गुप्त पोलिसाकडून ६५० डॉलर आगाऊ घेणारा सुटला नाही. रिकाम्या हाताने येऊन त्याने पैसे परत केले, तरी पैसे घेणं हेच पाऊल धरलं गेलं.

पाकिटात कोकेनऐवजी पीठ असतं तर? असा अशक्य प्रयत्न गुन्हा नाही, ही १९८५ मध्ये घेतलेली भूमिका इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने वर्षभरात स्वतःच मोडीत काढली. आपल्या १८६० च्या दंडसंहितेत मात्र रिकाम्या खिशात हात घालणाऱ्या पाकीटमाराचं उदाहरण पहिल्यापासून होतं: खिसा रिकामा निघाला, तरी तो चोरीचा प्रयत्नच.

१९८५ च्या आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचा हात आणखी जड. एरवी फौजदारी कायद्यात प्रयत्नाला बहुधा निम्म्यापर्यंत शिक्षा; इथे कलम २८ नुसार प्रयत्नाला पूर्ण गुन्ह्याचीच. व्यावसायिक प्रमाण असेल, कोकेनसाठी ते १०० ग्रॅमच्या वर, तर कलम ३० खाली नुसत्या तयारीलाही निम्मी शिक्षा आहे. पण त्यात एक अट आहे: आरोपीचा निश्चय पक्का हवा आणि तो अडला असला पाहिजे त्याच्या इच्छेबाहेरच्या कारणाने. सेंट लुईसचा गिऱ्हाईक आपल्या कोर्टात उभा राहिला असता, तर त्याच्या वकिलाने याच अटीवर बोट ठेवलं असतं. आणि सरकारी वकील म्हणाले असते, पाकीट पूर्ण न उघडणारा पोलीस हेच ते बाहेरचं कारण.