पेशीची चूल आणि औषधाची हार

हिंदमाता म्हटलें कीं इतरांस पावसाळ्यांत तुंबणारें पाणी आणि कापडाचीं दुकानें आठवतात. आम्हां तेथील जुन्या रहिवाशांस मात्र पाहुणे आठवतात. परळचें टाटा रुग्णालय आमच्या बिऱ्हाडापासून पायीं जाण्याच्या अंतरावर. १९४१ सालीं तें उघडलें तेव्हांपासून, म्हणजे आमच्या वडिलांच्या काळापासून, कोंकणांतून वा देशावरून कोणी ना कोणी आप्त आमच्या बाहेरच्या खोलींत पथारी टाकीत आला आहे. ज्यांस मुंबईंत आप्त नाहींत ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा शोधतात. तेथेंही जागा न मिळाली तर पदपथ आहेच.

गेल्या वर्षीं आमचे आतेबंधु असेच सपत्नीक आले. मोठ्या आंतड्याचा कर्करोग, आणि त्याचे डाग यकृतापर्यंत पोंचलेले. शस्त्रक्रिया झाली. पुढें दर पंधरवड्यास शिरेंतून औषध सुरू झालें. त्यांतील एक औषध लहानशा पंपांतून जवळजवळ दोन दिवस ठिबकत राही; तो पंप अडकविण्यासाठीं वहिनींनीं जुन्या धोतराची पिशवी शिवली होती. चार महिन्यांनीं काढलेल्या चित्रांत यकृतावरील डाग आकसलेले दिसले, तेव्हां घरांत पेढे वांटले गेले. त्यापुढच्या चित्रांत तेच डाग पुन्हां वाढले होते. "हें औषध आतां चालेनासें झालें, दुसरें देऊं," असें डॉक्टर म्हणाले.

एवढ्या एका वाक्यानें घरांत काय झालें तें सांगावयास हवें. गांवाहून वडीलधाऱ्यांचे दूरध्वनि आले: पथ्य मोडलें असणार. कोणास आठवलें कीं होळीच्या दिवशीं वहिनींनीं अर्धी पुरणपोळी वाढली होती. कर्करोग साखर खातो, तेव्हां साखर तोडा म्हणजे रोग उपाशी मरेल, असा संदेश कोणींसा मोबाईलवर धाडला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु दुसऱ्या दिवसापासून आतेबंधूंच्या ताटांतून भात गेला, फळें गेलीं, चहांतील साखर गेली, आणि तीन आठवड्यांत त्यांचें वजन चार किलो उतरलें. वहिनींचा खरोखर दोष होता काय, एवढ्या एका प्रश्नासाठीं आम्हीं या वयांत आमच्या धाकट्या सूनबाईंची शिकवणी धरली. त्यांचें शिक्षण जीवरसायनशास्त्राचें. आमचें विज्ञान मॅट्रिकपुरतें.

आरंभ शब्दांपासून झाला, कारण तेवढा प्रांत आमचा. सुश्रुतानें पांचशें पेशी मोजल्या आहेत त्या स्नायूंच्या. आज पेशी म्हणजे शरीराची सर्वांत लहान जिवंत खोली. या खोलीचें जें रांधणें, सांठविणें, जाळणें आणि केर टाकणें अखंड चालतें त्यास चयापचय म्हणतात. 'चि' धातूपासून चय म्हणजे रचणें. अपचय म्हणजे त्याचें उलट, मोडणें. ही एक संधि सोडविली कीं पुढचा विषय बराचसा सुटतो.

आतेबंधूंस दिलेल्या औषधाची जन्मकथाच या चुलीशीं जोडलेली आहे. नवी पेशी घडवितांना युरॅसिल नांवाचा एक घटक लागतो. उंदरांच्या यकृतांतील गांठी हा घटक निरोगी यकृतापेक्षां अधिक उचलतात, असें १९५४ च्या सुमारास आढळून आलें. तेव्हां विस्कॉन्सिन विद्यापीठांतील हायडेलबर्गर यांनीं युरॅसिलमधील हायड्रोजनच्या एका अणूच्या जागीं फ्लुओरीनचा अणु बसविला, आणि १९५७ सालीं फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल हें औषध जगापुढें आलें. तें धान्याच्या रूपानें कोठींत शिरतें. पेशी त्यावर आपले नेहमींचे संस्कार करते, आणि त्या संस्कारांनींच तें मारक बनून, गुणसूत्रांचें एक अक्षर घडविणाऱ्या विकरास (डॉक्टर ज्यास एन्झाइम म्हणतात त्यास) घट्ट चिकटतें. म्हणजे शत्रूला मारावयाचें तर शत्रूनेंच तें विष आपल्या चुलीवर रांधावें लागतें!

मग त्यानें रांधलेंच नाहीं तर? येथें सारें वर्म आहे. शरीरांत गेलेल्या या औषधाचा ऐंशीं टक्क्यांहून अधिक भाग आपलें यकृतच मोडून टाकतें. तें काम करणारें विकर कांहीं गांठींत भरपूर असतें, आणि तेथें औषध पोंचतांच निकामी होतें. कांहीं पेशी औषध ज्या विकरास चिकटतें तेंच इतकें वाढवितात कीं सर्वांस चिकटावयास औषध पुरत नाहीं. कांहीं पेशींच्या भिंतींत बसविलेले पंप कित्येक प्रकारचीं औषधें बाहेर उपसतात. आमच्या हिंदमात्याच्या पालिकेच्या पंपांहून ते बरेच कार्यक्षम दिसतात. यांतील प्रत्येक युक्तीस इंधन लागतें आणि सामान लागतें, आणि तें पुरविते ती चूल.

ही चूल विलक्षण आहे खरी. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत दाखविलें कीं प्राणवायु भरपूर असतांही कर्करोगाच्या पेशी साखर पुरती न जाळतां अर्धवट आंबवितात. निरोगी आंतड्याचें अस्तर, आपण खाल्लेल्या भाजीभाकरीच्या कोंड्यापासून जंतु जें ब्यूटिरेट बनवितात, त्यावर मुख्यत्वें जगतें. गांठ मात्र साखरेकडे वळते. हा अपव्यय वाटतो, पण आंबवितां आंबवितां साखरेचा कांहीं भाग आडवाटेनें नव्या पेशींच्या बांधकामास जातो, आणि त्याच वाटेनें ग्लुटाथायोन नांवाचें रक्षक द्रव्य ताजें ठेवलें जातें. जोडीनें दिल्या जाणाऱ्या प्लॅटिनमच्या औषधास हें द्रव्य वाटेंतच धरून निष्प्रभ करतें. गांठीच्या या साखरेच्या ओढीवरच पेट-स्कॅन काढतात. त्यापूर्वीं कांहीं तास उपाशी राहावें, गोड खाऊं नये, असें सांगतात तें चित्र स्वच्छ यावें म्हणून. आमच्या घरीं त्या एका दिवसाच्या सूचनेचें आजन्म पथ्य झालें होतें.

आपल्या मुंबईकरांचा या विद्येशीं संबंध जुना आहे. टाटा रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर यांनीं परळास कर्करोग संशोधन केंद्र उभें केलें, आणि त्यांच्या शिष्या, पुण्याच्या हुजूरपागेंत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे, यांनीं तेथें कांचेच्या पात्रांत जिवंत पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा घातली. अशा पात्रांतील पेशींवाचून औषध कां हरतें हें कोणासच तपासतां आलें नसतें. त्या केंद्राचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेक या संस्थेकडे आहे, आणि तेथील सोराब दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेलें काम नेमकें आमच्या प्रश्नाचें आहे.

तें समजण्यास तेलाची बरणी पुरे. तेल उघडें राहिलें कीं हवेनें खवट होतें, आणि त्यांत लोहाचा अंश असला तर लवकर होतें. पेशीची भिंतही स्निग्ध द्रव्याची. ती अशीच आंतून खवटली तर पेशी मरते. या मरणास २०१२ सालीं फेरॉप्टोसिस, म्हणजे लोहमूलक मृत्यु, असें नांव मिळालें. आंतड्याच्या कर्करोगांत लिपोकॅलिन-२ नांवाचें प्रथिन वाढलें कीं पेशींतील लोह घटतें आणि खवटपणा रोखणारीं द्रव्यें वाढतात, असें खारघरास दिसून आलें. अशा पेशींस फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल फारसें बाधत नाहीं. त्या प्रथिनास अडविणारें प्रतिपिंड दिल्यावर, पात्रांत आणि उंदरांतही, औषध पुन्हां लागूं पडलें. हें रुग्णांस मिळणारें औषध अजून नव्हे. सूनबाईंनीं तसें दोनदां बजावलें. तथापि एकदां हरलेलें औषध चुलीची रीत बदलल्यास पुन्हां जिंकूं शकतें, हें आमच्याच बंदराच्या पलीकडच्या तीरावर सिद्ध झालें, याचा आनंद आम्ही लपवीत नाहीं.

आणखी एक गोष्ट. गांठींतील सर्व पेशी सारख्या नसतात. औषध ज्यांस मारतें त्या मरतात, आणि ज्यांची चूल निराळी त्या मागें राहून वाढतात. हॉलंडांतील उत्रेख्त येथील संशोधकांस २०१५ सालीं असें आढळलें कीं औषधाच्या माऱ्यानंतर आंतड्याच्या कर्करोगाच्या पेशी आंबविण्याकडून पुरत्या जाळण्याकडे वळतात, आणि त्या बळावर तग धरतात. म्हणजे साखरेवर जगणारा शत्रु ही समजूतही अर्धीच. एक दार लावलें तर तो दुसऱ्यानें आंत येतो.

राहतां राहिला वहिनींचा प्रश्न. रक्तांतील साखर ताटांतील साखरेवर अवलंबून राहात नाहीं. अन्न न मिळाल्यास यकृत ती स्वतः घडवितें, आणि त्यासाठीं रोग्याच्या अंगचें मांस झडतें. गांठीस तिचा वाटा मिळतोच. झिजतो तो रोगी, आणि झिजलेल्या देहास पुढचें औषध सोसत नाहीं. (मधुमेह असेल त्याचें पथ्य निराळें, तें डॉक्टरांस विचारावें.) अर्ध्या पुरणपोळीनें कोणत्याही पेशीस नवें विकर शिकविलें नाहीं.

हें सर्व आम्हीं एका संध्याकाळीं, गांवाकडील मंडळींसही दूरध्वनीवर धरून, सर्वांसमक्ष सांगितलें. वहिनी उठून आंत गेल्या. बऱ्याच वेळानें त्या मऊ भात, तूप आणि मेतकूट घेऊन बाहेर आल्या, आणि आतेबंधूंनीं वाटी पुसून खाल्ली. दुसऱ्या औषधाच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत. गेलेल्या चार किलोंपैकीं अडीच परत आले आहेत. पुढचें चित्र महिनाअखेर काढावयाचें आहे.