थंडी अधिक घातक की उष्मा?

उन्हाच्या मानाने थंडी निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १३ देशांच्या अभ्यासात थंडीशी निगडित मृत्यू कितीतरी अधिक आढळले. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो व त्याचे परिणाम कित्येक दिवस रेंगाळतात. रत्नागिरीची थंडी सौम्य असली, तरी वृद्धांस पहाटेच्या गारठ्यापासून जपावे.

उष्मा मात्र काही तासांतच घात करतो. सागरी दमटपणामुळे घाम सुकत नाही व शरीर निवत नाही. म्हणून आंबा उतरविण्याचे काम सकाळीच उरकावे. मजुरांस सावली व वरचेवर पाणी द्यावे. कोणी बरळू लागल्यास अंग गार पाण्याने भिजवून वारा घालावा व त्यास तात्काळ दवाखान्यात न्यावे.