नवे रोप का वाळते?

कागदी लिंबाचे रोप जुलैत लावले. पाऊस होता तोवर ते टवटवीत दिसले. दसरा झाला, ऊन तापले, पानांच्या कडा तपकिरी पडल्या आणि पंधरा दिवसांत रोपाची काडी झाली. असे पुष्कळांचे होते. मग कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो रोपवाल्याने फसवलं. रोपवाले कधी कधी फसवतात, हे खरे. पण बहुतेक वेळा रोप तहानेने मेलेले असते.

तुम्ही म्हणाल, पाणी तर रोज घालत होतो! तर आधी पानाचे काम समजून घ्या. पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. मुळे जे पाणी ओढतात, त्याच्या 100 भागांतले 95 हून अधिक भाग या छिद्रांतून वाफ होऊन उडून जातात. पटत नसेल तर उन्हातल्या एका डहाळीला प्लास्टिकची पिशवी बांधा. तासाभराने आत थेंब दिसतील.

साग, पांगारा, चाफा ही झाडे पाने टाकतात आणि बोडकी राहून दिवस काढतात. लिंबू, तगर, कण्हेर, आंबा यांना तसे जमत नाही. ही बारमाही हिरवी झाडे. पाणी कमी पडले तर ती छिद्रे मिटून काटकसर करतात, पण पाण्याचा खर्च पुरता थांबत नाही.

रोपवाटिकेत सावली असते, रोज पाणी असते. मुळे मात्र पिशवीतल्या मातीच्या गोळ्यातच असतात. या गोळ्याला हुंडी म्हणतात. लावल्यानंतर मुळे बाहेरच्या मातीत शिरेपर्यंत रोप हुंडीतलेच पाणी पिते. हुंडी वाळून घट्ट झाली, की वरून घातलेले पाणी तिच्या बाजूने निघून जाते. आळे ओले दिसते आणि आत रोप तहानलेले असते. म्हणून लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवावे, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावे. मग पिशवी फाडून काढावी, हुंडी फुटू देऊ नये. तळाशी मुळांचा वेटोळा झाला असेल तर तेवढा मोकळा करावा.

आता उलटी गोष्ट. काळ्या जमिनीत पाणी साचून राहते. मुळांनाही हवा लागते. हवा नाही मिळाली की ती कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी ओढत नाही. म्हणजे पाण्यात उभे राहूनही रोप तहानेनेच मरते. वर पाने मलूल झाली की माणूस आणखी एक बादली ओततो! पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघावे.

खताचेही तसेच आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते ना? मूठभर युरिया बुडाशी टाकला, तर कोवळ्या मुळांचे तेच होते.

पान तपकिरी होते ते फार उशिरा. दाराला बांधलेले आंब्याच्या पानांचे तोरण झाडापासून तुटूनही दोन-चार दिवस हिरवे राहते, तसेच हे. मुळे मेली तरी पान काही दिवस हिरवे दिसते. म्हणून पान हिरवे आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

1990 साली महाराष्ट्रात फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली. पुष्कळ कोरडवाहू शेतकऱ्यांनी तेव्हापासून कलमे लावली. अशा लागवडीचे अनुदान हप्त्यांनी मिळते, आणि पुढचा हप्ता झाडे किती जगली ते पाहून देतात. तेव्हा एकेका कलमामागे घरातला पैसा अडकलेला असतो. पहिला उन्हाळा पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करावा, आळ्यात पालापाचोळा पसरावा. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नये.

रोप वाळलेसे वाटले तरी लगेच उपटू नका. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवा, ओलसर पापुद्रा दिसला तर जीव आहे. वाळलेला शेंडा छाटा आणि वाट पाहा. सगळीकडे तपकिरीच असेल तर उपटून मुळे बघा. काळी पडून घाण वास येत असेल तर पाणी जास्त झाले. पिशवीच्या आकारात तशीच वेटोळी असतील तर ती बाहेर शिरलीच नव्हती. आंब्याच्या कलमाला जोडाच्या खालून फुटवा आला तर भुलू नका. तो खालच्या रायवळाचा असतो, त्याला हापूस लागायचा नाही.