अमानतीतली खयानत ओळखायची कशी?

सप्टेंबर २०१९. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मुंबईतल्या शाखांसमोर खातेदारांची गर्दी उसळली. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले होते आणि सुरुवातीला एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. लग्नासाठी, शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा एका रात्रीत अडकला. या बँकेच्या ताळेबंदांवर दरवर्षी ऑडिटरच्या सह्या होत होत्या. मग गफलत दिसली कशी नाही?

तपास यंत्रणांनी मांडलेली हकीकत अशी : बँकेच्या एकूण कर्जातला ७० टक्क्यांहून मोठा वाटा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होता. ती थकीत खाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली. ही खाती बँकेच्या संगणकात नव्हतीच, ती होती तपासणीसाठी दिलेल्या यादीत. म्हणजे यादीतली मोजकी नावे संगणकातल्या खात्यांशी ताडून पाहिली असती, तरी शंका आली असती.

ऑडिटचा पहिला धडा हाच आहे. ज्याचा हिशेब तपासायचा, त्यानेच दिलेल्या कागदावर थांबायचे नाही. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण हेच सांगते. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेतली शिल्लक खरी की खोटी, हे बँकेकडूनच थेट लेखी मागवून कळते. कंपनीने हातात ठेवलेली ठेवपावती हा पुरावा नव्हे. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले, त्यांत ऑडिट करणारे दोघेही होते.

अनुभवी ऑडिटर आणखी काय पाहतो? मूळ बिलाऐवजी वारंवार झेरॉक्स पुढे येते का? मागितलेला कागद ‘उद्या देतो’ म्हणत आठवडे जातात का? मंजुरीची मर्यादा ५०,००० असेल, तर ४९,५०० ची बिले पुन्हा पुन्हा दिसतात का? वर्ष संपता संपता मोठ्या नोंदी होऊन नव्या वर्षात त्या उलटवल्या जातात का? माल पुरवणाऱ्याचा पत्ता किंवा बँक खाते एखाद्या कर्मचाऱ्याशी जुळते का? नफा वाढतो, पण हातात पैसा येत नाही, असे का? आणि जो कारकून वर्षानुवर्षे एक दिवसही रजा घेत नाही, त्याच्या निष्ठेचे कौतुक करताना त्याची वही दुसऱ्या कुणी कधी उघडली आहे का, हेही विचारावे लागते.

यातली एकच खूण दिसली म्हणून कुणाला चोर ठरवणे हा अन्याय होईल. खूण म्हणजे गुन्हा नव्हे, पुढे चौकशी करण्याचे ते कारण आहे. कित्येकदा उत्तर साधे असते : आजारपण, आळस, बेशिस्त. पण तीन-चार खुणा एकत्र आल्या, तर डोळे मिटून सही करणे ही मात्र बेजबाबदारी ठरते.

आता आपल्याकडे वळू. जमातीचा फंड, शाळेचा ट्रस्ट, मोहल्ल्यातली पतपेढी, घराघरांतली भिशी. इथे बहुतेकदा रोकड सांभाळणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस असतो. ‘भला माणूस आहे, त्याला काय विचारायचे?’ असे म्हणून आपण गप्प बसतो. खयानतीला वाट मिळते ती इथेच. रोकड एकाकडे, वही दुसऱ्याकडे, चेकवर दोन सह्या, दर महिन्याला बँकेच्या पासबुकाशी मेळ आणि वर्षातून एकदा सर्वांसमोर हिशेबाचे वाचन, एवढे केले तरी पुष्कळ नुकसान टळते.

हिशेब विचारणे म्हणजे शक घेणे नव्हे. प्रामाणिक खजिनदाराला विचारल्याचा राग येत नाही. उलट उद्या कुणी बोट दाखवलेच, तर ती तपासलेली वहीच त्याच्या बाजूने साक्ष देते. म्हणून पुढच्या सभेत पहिला प्रश्न विचारायला आपणच उभे राहू या.