उत्तर येईपर्यंतचे दिवस

दिवाळी अंकासाठी कथा द्यायची तर ती साधारण जून-जुलैपर्यंत पोहोचवावी लागते. कथा एकदा पाठवली की नव्या लेखक-लेखिकांचे डोळे टपालाकडे, आता ई-मेलकडे, लागतात. आषाढ जातो, श्रावण जातो, गणपती येतात. उत्तर नाही. आणि तोवर दुसरी ओळही लिहून झालेली नसते. ‘साभार परत’च्या चिठ्ठीपेक्षा या शांततेनेच अधिक लेखण्या थांबत असाव्यात.

हा उशीर म्हणजे उपेक्षाच असे मात्र नाही. कचेरीत कथांचा ढीग असतो, वाचणारी माणसे मोजकी आणि जाहिराती किती मिळतात यावर अंकाची पाने ठरतात. पुस्तकाचे तर विचारूच नये! वाचन, निर्णय, संपादन, मुद्रिते, मुखपृष्ठ, छपाई यांत वर्ष सहज जाते.

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार स्वतःच टपाल खात्यात अधिकारी होता. १८५८ साली खात्याच्या कामासाठी इजिप्तमध्ये असताना त्याने ‘डॉक्टर थॉर्न’ संपवली आणि दुसऱ्याच दिवशी ‘द बर्ट्रम्स’ लिहायला घेतली. मुलांचे डबे, परीक्षा आणि नोकरी सांभाळणाऱ्यांना हे झेपणार नाही. पण पहिली कथा पाठवल्याच्या आठवड्यातच दुसरीचे एक पान लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चे हस्तलिखित इंग्लंडमधल्या प्रकाशकांकडून एकसारखे परत येत होते. ते दगड बांधून थेम्स नदीत बुडवून टाक, असे त्यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला कळवलेही होते. मित्राने ते ग्रॅहम ग्रीन यांना दाखवले आणि त्यांच्या शिफारशीने १९३५ साली पुस्तक निघाले. त्याआधीच्या काळात नारायण मद्रासच्या ‘द जस्टिस’ या वृत्तपत्रासाठी म्हैसूरहून बातम्या पाठवत. बाजार, कचेऱ्या, पोलीस ठाणी पायी फिरत. मालगुडीच्या लेखकाला याहून चांगली शाळा कुठे मिळाली असती? पहिले पुस्तक फारसे खपले नाही, प्रकाशकही बदलावा लागला. तरी १९३७ आणि १९३८ साली पुढच्या दोन कादंबऱ्या आल्याच.

एक साधी वही ठेवावी. कथेचे नाव, कुठे पाठवली, कधी, उत्तर काय. एकच कथा दोन ठिकाणी एकाच वेळी धाडू नये, आणि आपल्याजवळ प्रत हवीच. तीन महिन्यांनी विचारणा करायला हरकत नाही. दर आठवड्याला फोन मात्र नको. मधल्या काळात ती प्रत एकदा परक्याची समजून वाचावी. पुष्कळदा कथा तिसऱ्या परिच्छेदात सुरू होते, हे तेव्हाच दिसते.

आणखी एक काम सगळेच टाळतात. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अवघे अठरा आहेत: १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. रोज एक घेतला तरी तीन आठवड्यांत होतात. मुद्रिते हाती येतात तेव्हा त्यांचा उपयोग कळतो, कारण सहा महिने गप्प असलेल्या कचेरीला ती चार दिवसांत तपासून हवी असतात.