अरबी समुद्राचा रहिवासी देवमासा

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसिरा आखातात एका हंपबॅक देवमाशाच्या मादीच्या शरीरावर संशोधकांनी उपग्रहाशी जोडलेले एक छोटे यंत्र बसविले. तिचे नाव लुबान. अरबी भाषेत लुबान म्हणजे धूप. पुढील काही आठवड्यांत ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापाशी आली आणि दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत गेली. दोन्ही किनाऱ्यांवरचे हे देवमासे एकाच कुळातील असावेत, या अनुमानाला तिच्या प्रवासाने भक्कम आधार मिळाला.

हंपबॅक हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याची लांबी साधारण १२ ते १६ मीटर आणि वजन २५ ते ३० टन असते. पुढील वल्ह्यासारखे पर शरीराच्या जवळजवळ एक-तृतीयांश लांबीचे असतात. शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी असते. माणसाला अंगठ्याच्या ठशावरून ओळखावे, तसे अभ्यासक त्यांना या नक्षीवरून ओळखतात. नरांचे गाणे तासन्‌तास चालते.

जगातील अन्य हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडील थंड पाण्यात पोट भरतात आणि हिवाळ्यात पिलांसाठी उष्ण समुद्रात येतात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र हा समुद्र सोडून जात नाहीत. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याजवळ खोल तळाचे थंड, सकस पाणी वर येते, त्यावर सूक्ष्मजीव पोसतात आणि तारलीसारख्या माशांचे थवे वाढतात. ज्या पावसाची कोकणातला शेतकरी वाट पाहतो, त्याचेच वारे या महाकाय जीवाचेही अन्नदाते आहेत. जनुकीय अभ्यासानुसार हे कुळ सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळे राहिले आहे.

परंतु हे कुळ आता अत्यंत लहान आहे. १९६५ व १९६६ या दोन वर्षांत सोविएत जहाजांनी अरबी समुद्रात चोरून २४२ हंपबॅक मारले. ही गोष्ट उघड झाली ती सोविएत संघ लयाला गेल्यानंतर. पुढे ओमानच्या पाण्यात छायाचित्रांवरून केलेल्या गणनेत त्यांची संख्या सुमारे ८२ निघाली. मादीला साधारणपणे दोन-तीन वर्षांत एकच पिलू होते. म्हणून झालेली हानी सहज भरून निघत नाही.

आज भाला नाही, पण मासेमारीची जाळी आणि मोठ्या जहाजांची धडक हे धोके आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच त्यांना आहे, आणि २०१८ मध्ये त्यांचा समावेश केंद्राच्या प्रजाती पुनरुज्जीवन कार्यक्रमातही झाला. तथापि, समुद्राला सीमारेषा नसते. ओमानने जपलेला देवमासा भारताच्या पाण्यात जाळ्यात अडकला, तर ते जपणे व्यर्थ ठरते. लुबानच्या प्रवासाने दोन्ही किनाऱ्यांवर ही सामाईक जबाबदारी आणून ठेवली आहे.